वरच्या मजल्यावरचा पेशंट

तीर्थरूप मामांना,

घरात जिला सगळे भुंगा म्हणतात त्या तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले होते. आईने विचारलं, काय सांडलं म्हणून.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? घोड्याने लाथ मारली तो गुडघा उजवा की डावा यावर आईबाबांचं अजून एकमत झालेलं नाही, तेव्हा पुढच्या फोनमध्ये तेवढं स्पष्ट करून टाका, म्हणजे आमचं जेवण शांततेत होईल. मामीचा खोकला गेला का? तुमचे पेशंट बरे आहेत ना? (ते स्वतः सांगत नाहीत म्हणून तुम्हालाच विचारावं लागतं.) इकडे आम्ही सगळे ठीक. आईच्या हाती सध्या एका हॉटेलच्या पडद्यांचं काम आहे, त्यामुळे घरात कुठेही जायचं तर पडदा सारून नाटकात प्रवेश केल्यासारखं वाटतं. बाबा नेहमीप्रमाणे लोकांना गाडी शिकवतात आणि घरी आल्यावर अवाक्षर काढत नाहीत, कारण त्यांचं दिवसाचं ओरडणं तिकडेच संपलेलं असतं. पत्राला तसं काही खास कारण नाही. सहज तुमची आठवण आली.

मी डॉक्टर व्हायचं ठरवलं हे तुमच्या कानावर आलंच असेल. आईने तुम्हाला ते फोनवर सांगितलं तेव्हा मी पडद्याआड होते. मोरीचा पाइप फुटला की प्लंबरला ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात तिने तुम्हाला सांगितलं. तिचंही चुकलं असं नाही. माझे मार्क तुम्हाला माहीत असतील. नसतील तर उत्तम, तसंच राहू द्या. एवढंच सांगते की शाळेत ते सरासरीच्या खाली होते आणि प्रवेश परीक्षेतही त्यांनी आपली जागा सोडली नाही. मी घरी असा मुद्दा मांडून पाहिला की सरासरी ही माझ्यासारख्यांच्या जिवावरच उभी आहे, सगळेच वर जाऊन बसले तर तिने बिचारीने जायचं कुठे. बाबा म्हणाले की गाडीच्या परीक्षेतही कुणीतरी नापास व्हावंच लागतं, पण ते आपल्याच घरातलं असावं असा नियम नाही. (पूर्ण संध्याकाळभरात ते एवढंच बोलले, म्हणून शब्दशः लक्षात आहे.)

मग डॉक्टरच कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. खरं कारण एवढं साधं आहे की सांगायला लाज वाटते. माणसं मला सांगतात. का ते मला माहीत नाही, माझ्या तोंडावर तसं काही लिहिलेलं असेल. बसच्या थांब्यावर उभी राहिले की शेजारच्या बाई छत्री सावरता सावरता आपल्या पित्ताचं सांगायला लागतात. पोस्टात रांगेत उभी होते, तर पुढच्या गृहस्थांनी वळून, आपल्याला डाव्या कानात समुद्र ऐकू येतो आणि बायकोचा त्यावर विश्वास नाही, असं सांगितलं. मी फक्त विचारते, कधीपासून? एवढ्यावर ते पार लहानपणापर्यंत जातात. आता एवढं सगळं ऐकून घ्यायचं आणि शेवटी 'अरेरे' म्हणून बसमध्ये चढायचं, हे मला बरं वाटेना. 'अरेरे'च्या पुढचं काहीतरी यायला हवं असं वाटलं, आणि ते शिकवणारी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही.

कमी मार्कांच्या मुलांना वाट दाखवणारे एक सल्लागार चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतात. त्यांच्याकडे आई मला घेऊन गेली. त्यांनी माझे मार्क आधी चष्म्यातून पाहिले, मग चष्म्यावरून पाहिले, मग चष्मा काढून पाहिले. मार्क तिन्ही वेळा तेवढेच भरले. पण माणूस हिंमतवान. त्यांनी सांगितलं की कमी मार्क असा शब्द वापरायचाच नाही, 'माझा चढता प्रवास' म्हणायचं. मी त्यांच्या लक्षात आणून दिलं की माझा उतरता आहे. त्यावर ते म्हणाले की कागद कुठल्या बाजूने धरायचा हे आपल्या हातात असतं. मग म्हणाले, अर्जासोबतच्या निबंधात एक मृत्यू लागेल, त्याशिवाय आजकाल कुणी पुढचं पान उलटत नाही. माझ्यापाशी मृत्यू नव्हता. घरात कुणी डॉक्टर आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मामा आहेत. हयात आहेत? मी हो म्हटल्यावर ते जरा खट्टू झाले.

तेव्हा मामा, पहिल्या मसुद्यात तुम्ही वारलात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगते, मरण अतिशय चांगलं दिलं होतं. वेदना नाहीत, खिडकीतून ऊन येतंय, उशाशी मी. (घोड्यागाईंचा उल्लेख टाळला होता, त्यामुळे तुम्ही जन्मभर माणसांवरच उपचार केलेत असा वाचणाऱ्याचा सोयीस्कर गैरसमज झाला असता.) शेवटचे शब्दही तुम्ही माझ्याच भवितव्याबद्दल बोललात. मामीला बोलायला वेळच उरला नाही, त्याबद्दल तिची माफी मागते. तो कागद आईच्या हाती लागला. ती हॉटेलच्या पडद्यात तोंड खुपसून रडली, मग भानावर आली, आणि मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत माझ्या मागे धावली. त्या दिवशी तिने तुम्हाला भलत्याच वेळी फोन करून "जेवलास का" असं विचारलं, ते यामुळे. मी तो मसुदा फाडला आणि वर लिहिलं तेच, बसच्या थांब्याचं आणि कानातल्या समुद्राचं, साध्या भाषेत लिहून पाठवून दिलं. सल्लागारांनी ते वाचून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्यांच्यापाशी शेवटी एकदाचा मृत्यू आला आहे आणि तो माझ्या अर्जाचाच आहे.

मुलाखतीची तयारी बाबांनी करून घेतली. घरभर पडदे, म्हणून बाबांची शिकवायची गाडी. तुम्हाला ठाऊक आहे, तिच्यात त्यांच्या बाजूलाही ब्रेक आहे. मी गाडी चालवायची, त्यांनी प्रश्न विचारायचे, आणि उत्तर खोटं वाटलं की त्यांनी ब्रेक दाबायचा. तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय, असा पहिला प्रश्न. लहानपणापासून समाजाची सेवा, एवढं माझ्या तोंडून बाहेर पडतंय तोवर गाडी गचकन थांबली आणि मागच्या टेंपोवाल्याने आमच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. पहिल्या आठवड्यात आम्ही आमच्या गल्लीच्या बाहेर पडू शकलो नाही. हळूहळू भाजी बाजारापर्यंत पोचलो. ज्या दिवशी नदीच्या पुलापर्यंत विनाथांबा गेलो, त्या दिवशी बाबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मला आइस्क्रीम घेऊन दिलं.

अर्ज बऱ्याच कॉलेजांना केले होते. नकारही तितक्याच मोकळ्या मनाने आले. काहींनी खेद व्यक्त केला, काहींनी तोही केला नाही, आणि एका कॉलेजने तर मी पाठवलेल्या अर्जापेक्षा जाड पाकिटातून नकार पाठवला. (आई म्हणाली, उघडू नकोस, जाड आहे म्हणजे प्रवेशच असणार. आत त्यांच्या नव्या इमारतीची रंगीत चित्रं होती.) एकाच ठिकाणहून मुलाखतीचं बोलावणं आलं. त्यांच्याकडे निबंध कुणीतरी खरोखर वाचत असावं, नाहीतर शिपायाकडून गठ्ठे अदलाबदल झाले असावेत. मी चौकशी केली नाही. आपल्या घोड्यापुढे चुकून कुणी पेंड टाकली तर ती खाऊ द्यावी, मध्ये बोलू नये, हे तुम्हाला मी काय सांगावं.

आता जे सांगणार आहे त्यात एका माणसाच्या दुखण्याची गोष्ट आहे. त्यांनी ती नंतर स्वतःच सगळ्यांना सांगितली म्हणूनच लिहितेय, तरीही त्यांचं नाव लिहीत नाही.

तिथली पद्धत अशी, की एका लांब कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना खोल्या आणि प्रत्येक दारावर एक कागद, आत कुठला प्रसंग आहे ते सांगणारा. घंटा वाजली की आत जायचं, पुन्हा वाजली की वाक्य अर्धं टाकून बाहेर यायचं. घंटा एका बाईंच्या हातात होती, आणि ती त्या ज्या निष्ठेने वाजवत होत्या त्यावरून कॉलेज त्या घंटेसाठीच काढलेलं असावं असं वाटत होतं. त्यांनी आधीच बजावलं की एका खोलीत पेशंटची भूमिका करणारा नट असेल. तो काही केल्या भूमिका सोडणार नाही, तुम्ही खरे का असं त्याला विचारायचं नाही, खराच पेशंट समोर आहे असं मानून बोलायचं. माझी पुढची खोली तीच होती. पण धीर यावा म्हणून बाबांनी वाटेत दोनदा कॉफी पाजली होती, आणि त्या कॉफीने नेमकी तीच वेळ गाठली. खालच्या स्वच्छतागृहात फरशी पुसणं चाललं होतं, म्हणून मला वरच्या मजल्यावर पाठवलं. बाहेर आले तर तसाच कॉरिडॉर, त्याच रंगाची दारं. आपण जिना चढून आलोय हे मी साफ विसरले. तेवढ्यात कुठूनतरी घंटा ऐकू आली. समोरच्या दारावर कागद नव्हता, तो गळून पडला असेल असं समजून मी टकटक केली आणि आत गेले.

मामा, ती खोली पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो खर्चाचा. एका नटासाठी कपाटभर खरी पुस्तकं, भिंतीवर धुरकट फोटो, टेबलावर साय धरलेला अर्धा चहा. खुर्चीत साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, डोकं खाली, उजवा हात टेबलाखाली. मी नाव सांगितलं आणि म्हटलं की आपल्याला घाई नाही, मी ऐकायला आलेय. तुम्हाला कुणी पाठवलं, असं त्यांनी विचारलं. वा, काय सुरुवात केली, असं मनाशी म्हणून मी सांगितलं की कुणी का पाठवलं असेना, आता आलेच आहे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी गप्प बसले. (सल्लागारांच्या सगळ्या शिकवणीतली ही एकच गोष्ट कामाची निघाली: पेशंट गप्प बसला तर आपणही बसावं, त्याचा दम आधी संपतो.) मग मी विचारलं, हात टेबलाखाली का आहे आणि कधीपासून?

हिवाळ्यापासून, असं ते म्हणाले. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग कप बशीवर वाजायला लागला, म्हणून त्यांनी बशीच बंद केली. घरी बायकोला वाटतं, ते हल्ली तिच्यावर नाराज आहेत, कारण तिच्यासमोर ते चहा घेत नाहीत. काम काय करता, असं विचारलं तर म्हणाले, सर्जन आहे. बारीक टाके हाताखालचे लोक घालतात, त्यामुळे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. पण उद्या सकाळी एक ऑपरेशन आहे, ते मोठं आहे आणि त्यात दुसऱ्याला पुढे करायला निमित्त नाही. (मी मनात म्हटलं, हात थरथरणारा सर्जन म्हणजे लेखकाने जरा जास्तच मीठ टाकलंय. पण करणारा नट इतका पक्का की खटकत नव्हतं.) हे आजवर कुणाला सांगितलंय का, तर कुणालाच नाही. मग मी विचारलं, भीती नेमकी कशाची वाटते?

त्यांनी हात वर काढून टेबलावर ठेवला. तो हलत होता. टेबलावर पेन होतं, तेही त्याच्याबरोबर हलायला लागलं.

"हा गेला, तर मी कोण?"

मी चहाचा कप उचलून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि तो गार झालाय एवढं सांगितलं. तेवढ्यात दूर कुठेतरी घंटा वाजली. मी उठले, आभार मानले, आणि नट असला तरी कलाकाराला दाद द्यावी अशी आपल्या घरची रीत असल्यामुळे दारातून म्हटलं, हात तर अगदी खरा थरथरतो हो तुमचा, किती सराव करावा लागला?

"बराच," ते म्हणाले.

जिन्यापाशी आले तेव्हा खालून घंटावाल्या बाई चढत होत्या. माझी खोली रिकामी पडली होती, आणि पोटदुखीचा नट बिचारा पूर्ण वेळ एकटाच कण्हत बसला होता. (भूमिका सोडायची नाही म्हटल्यावर तो तरी काय करणार.) मी म्हटलं, मी आत्ताच त्या सर्जनच्या खोलीतून आले. कुठला सर्जन, आमच्याकडे पोटदुखी आहे, असं त्या म्हणाल्या. मामा, पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी जिन्यातच बसले. त्यांना वाटलं मी एका खोलीचे मार्क गेले म्हणून रडकुंडीला आलेय, आणि त्यांनी मोठ्या प्रेमाने मला माझ्या एकूण मार्कांची आठवण करून दिली. म्हणाल्या, त्यात एवढ्याने काय फरक पडणार.

शेवटची मुलाखत तिघांसमोर. आत गेले तर मधल्या खुर्चीत तेच. उजवा हात कोटाच्या खिशात. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना. ते उठले आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "मला यातून वगळा. ही मुलगी माझी डॉक्टर आहे." बाकीचे दोघे हसले. मोठ्या माणसांच्या विनोदाला हसतात तसे हसले. ते मात्र न हसता निघून गेले आणि त्यांच्यामागे दार आपोआप हळूहळू बंद झालं.

उरले एक बारीकसे गृहस्थ, जे शेवटपर्यंत नुसते लिहीत राहिले, आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई. बाईंनी माझे मार्क एखादी मेलेली पाल धरावी तसे कागदाच्या कोपऱ्याला धरून वर उचलले आणि रसायनशास्त्राचं काय, असं विचारलं. माझं लक्षच नव्हतं. डोक्यात उद्याची सकाळ फिरत होती. त्यामुळे चढता प्रवास वगैरे सगळं विसरून तोंडातून खरं निघून गेलं. मी म्हटलं, रसायनशास्त्र मला कळतं, पण परीक्षा झाल्यानंतर कळतं. बाई ओठ दाबून खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग त्यांनी पुढचा प्रश्न वाचून दाखवला. तो छापील होता आणि सगळ्यांनाच विचारत होते, त्यात त्यांचा काही दोष नाही. तुमचा एखादा वरिष्ठ सहकारी काम करण्यालायक राहिलेला नाही असं तुमच्या लक्षात आलं, तर तुम्ही काय कराल?

याचं उत्तर मला पाठ होतं. पुलापर्यंत एकदाही ब्रेक न लागता म्हटलेलं होतं. आधी त्याच्याशी आदराने बोलेन, रुग्णाचं हित सर्वांत आधी, मग योग्य त्या वरिष्ठांना कळवेन. मी तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दाला आपोआप ब्रेक लागला. तो पेशंट, ज्याचं उद्या ऑपरेशन, तो या घडीला कुठल्यातरी वॉर्डात निश्चिंत पडून असेल. त्याची बायको त्याला सांगत असेल, किती मोठे डॉक्टर आहेत. मी उठले. मला आत्ता जावं लागेल, माफ करा, एवढं म्हटलं आणि एकुलत्या एका मुलाखतीतून अर्ध्यात बाहेर पडले. (घंटासुद्धा वाजली नव्हती. बाहेरच्या बाईंना तो धक्का माझ्यापेक्षा जास्त बसला.)

वर गेले. ते खिडकीशी उभे होते. मी विचारलं, उद्याचं ऑपरेशन कोण करणार? तुम्ही उमेदवार आहात, खाली जा, असं ते म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले त्या आवाजाला आजवर कुणी उलट उत्तर दिलं नसावं. पण मामा, तुम्हीच मागे सांगितलं होतं ना, की मोठं जनावर घाबरलं की अंगावर येतं, तेव्हा मागे सरकायचं नाही. मी म्हटलं की मघाशी तुम्ही सगळ्यांसमोर मला डॉक्टर म्हणालात, तर आता ऐका. मी तुमची तक्रार करायला आलेली नाही. समोरच्या दारावर तुमच्या संचालकांची पाटी आहे, त्यांना तुम्ही स्वतः सांगा. मी बाहेर बाकावर बसते.

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर मला सांगावं लागेल. आणि मला ते अजिबात सांगायचं नाहीये."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, तुमची मुलाखत चालू होती ना? मी म्हटलं, होती. मग त्यांनी डाव्या हाताने कोटाची बटणं लावायचा प्रयत्न केला. एक लागेना. मी लावून दिलं. त्यांनी लावू दिलं. आणि ते समोरच्या खोलीत गेले.

मी बाकावर बसले. थोड्या वेळाने शिपाई आला आणि इथे का बसलात म्हणून हटकलं. मी म्हटलं, माझे पेशंट आत आहेत. त्याने मला वरून खाली नीट पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, पंखा लावून गेला. मी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही, पण भीती मात्र सगळ्या जातींची वाटून घेतली. प्रवेशाची, त्यांची, आणि बाबा खाली गाडीत काय म्हणतील त्याची. दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि हात खिशाबाहेर होता. उद्या दुसरे कुणी करतील, एवढंच बोलले. मग माझ्याशेजारी बाकावर टेकले आणि म्हणाले, तुमचे मार्क किती आहेत?

मी सांगितले.

"एवढे कमी?" ते म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

खाली येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, तरी मुलाखत सोडून आले या वाक्याला बाबांनी ब्रेक दाबला. मग पुढचं ऐकता ऐकता पाय हळूहळू उचलला. गाडी घराकडे काढली. दारात गाडी लावल्यावर म्हणाले, आईला मी सांगतो, तू आधी जेवून घे. जेवताना आईने मला न विचारता पुन्हा वाढलं, त्यावरून कळलं की त्यांनी नीट सांगितलं असावं.

माझ्या मते विषय तिथेच संपला होता. मी बाबांच्या ऑफिसात फोन घ्यायला बसायचं असंही ठरलं होतं. आणि मागच्या आठवड्यात कॉलेजचं पाकीट आलं. (पातळ. आई म्हणाली, गेलं.) आतला मजकूर असा आहे, की प्रवेश दिला म्हणावं तर दिलेला नाही आणि नाही म्हणावं तर तसंही नाही. रसायनशास्त्राची परीक्षा पुन्हा द्यायची आहे, आणि आणखी एक किरकोळ अट आहे, तिच्यापायी तुमचा वेळ घेण्याची माझी मुळीच इच्छा नाही. खाली रसायनवाल्या बाईंची सही. मी खुलासा विचारायला तिकडे गेले, तेव्हा जाता जाता एका उघड्या दारातून ते दिसले. पहिल्या वर्षाच्या मुलांना दोऱ्याची गाठ मारायला शिकवत होते. नुसतं तोंडाने सांगत होते, आता डावा खाली घे, आता ओढ, एवढा जोर नको. उजवा हात टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलेला होता आणि तो आपला हलत होता. मुलांचं तिकडे लक्षही नव्हतं, सगळी आपापल्या दोऱ्यात गुंतलेली. मी आत गेले नाही. पेशंट बरा दिसला की उगाच टोकू नये.

तर असं आहे सगळं. बाकी विशेष नाही. गुडघ्याला जपा, मामीला नमस्कार सांगा, आणि उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका.

तुमची आज्ञाधारक (आईला हा शब्द दाखवू नका) भाची,
भुंगा

ता. क. ती किरकोळ अट कोणती, असं तुम्ही विचाराल म्हणून लिहिते. "नोंदणीकृत डॉक्टरच्या हाताखाली काही महिने रुग्णसेवा केल्याचा दाखला." पेशंटला पाय किती असावेत याबद्दल त्यात एक अक्षर नाही. मी घंटावाल्या बाईंना विचारलं. त्यांनी नियम उलटापालटा करून पाहिले आणि हे आजवर कुणी विचारलं नव्हतं असं म्हणून रसायनवाल्या बाईंकडे गेल्या. बाईंचा निरोप आला की ज्या पेशंटला बोलता येत नाही त्याच्याकडे हिला जरूर पाठवा, तिथे तरी ही मुलगी उपचार शिकेल. तेव्हा मामा, तुम्ही नोंदणीकृत आहात, आणि तुमच्याकडे रुग्ण आहेत.

ता. क. आणखी एक. तुम्ही स्वतः आग्रहाने बोलावलंय असं मी आईला सांगितलंय. तिला इतका आनंद झाला की तिने हॉटेलच्या उरलेल्या कापडाचे तुमच्या दवाखान्यासाठी पडदे शिवलेत. ते मखमली आहेत आणि त्यांना झालर आहे. मी अडवायचा प्रयत्न केला.

ता. क. शेवटचं, पेन्सिलीने, कारण पेन बॅगेत आहे आणि बॅग पडद्यांच्या खाली. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते आत आणून देणाऱ्या तुमच्या कंपाउंडरवर रागावू नका, मी त्यांना पेशंटचे कागद आहेत असं सांगितलं. मी बाहेर बाकावर बसलेय. माझ्या एका बाजूला बोकड आहे, त्याला काही झालंय असं वाटत नाही, तो पडद्याची झालर खातोय. दुसऱ्या बाजूला एक आजी आहेत, त्यांच्या मांडीवर म्हातारा कुत्रा. मी कधीपासून एवढंच विचारलं. आजोबांना हॉस्पिटलात नेलं तेव्हापासून हा दाराकडे तोंड करून बसतो, खात नाही. आणि खरं तर आजीही खात नाहीत, पण ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मते कुत्र्याला आजार नाही. पण माझे मार्क तुम्हाला माहीत आहेत, तेव्हा तुम्ही बघा. त्यांना आधी आत घ्या. मी थांबते.